करमळीच्या तळ्याचा आणि रेल्वेचा इतिहास लिहायला बसलात तर

गेल्या वर्षी जत्रेच्या स्मरणिकेसाठी मी करमळीवर, म्हणजे गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या आमच्या विषयाच्या गावावर, लेख कबूल केला. दहा पानं देतो म्हटलं होतं. झाली चार, तीही तीनदा खोडून. तुमचा तरी वेळ वाचावा म्हणून हे.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, पाणी विचारा. एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, "नव्वद साली रेल्वे आली." मी तसंच लिहून छापायला दिलं. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं 1990 साली. सबंध मार्गावर गाडी धावली 26 जानेवारी 1998 ला. आजोबांच्या डोक्यात मोजणीची माणसं शेतात आली ते वर्ष होतं. प्रूफ वाचताना चूक सापडली, नशीब माझं. त्याच आजोबांना मी पुन्हा जाऊन विचारलं, "तळ्याचं मानस, म्हणजे पाणी सोडायचं दार, कोण उघडायचा?" मग अर्धा तास थांबले नाहीत. पाणी किती सोडायचं यावरून होणारी भांडणं, खालच्या मळ्यातली वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेती, तळं उतरलं की चिखलात मासे धरायला उतरणारी पोरं. मी फक्त लिहीत गेलो. साल नंतर कागदावर ताडून घ्यायचं.

नावांनी मात्र मला चांगलंच फसवलं. पोर्तुगीज कागदांत करमळीचं 'कारांबोली' होतं. सत्तरी तालुक्यातही एक करमळी आहे, ब्रह्मकरमळी. सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीहून ब्रह्मदेवाची मूर्ती तिकडे नेली, म्हणून नावही तिकडे गेलं. माझ्या वहीची दोन पानं सत्तरीच्याच माहितीने भरली होती! कॅसलरॉकच्या घाटातलं करंझोळ स्टेशन आणखी निराळं. तेव्हा प्रत्येक टिपणापुढे तालुका लिहा.

रेल्वेही दोन आहेत, त्यांची खिचडी करू नका. मुरगाव बंदरातून मडगाव, कुळे करत कॅसलरॉकला चढणारी लाइन 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून निघाली आणि 1880 च्या दशकात बांधली गेली. मीटरगेज, आणि घाटात तीव्र चढ, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावावी लागत. ती करमळीला कधी आलीच नाही, सगळी जुवारी नदीपलीकडे. 1955 त भारताच्या नाकेबंदीमुळे सीमेपलीकडची वाहतूक थांबली, गोवा मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. म्हणून तिसवाडीतल्या घरांत विचारायचा प्रश्न असा: "आगगाडी पकडायला कसे जायचात?" उत्तरात आगशी-कुठ्ठाळीची फेरीबोट येते, वळकट्या येतात, फेरी चुकल्यामुळे हुकलेलं एखादं लग्नही.

कागदांसाठी पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय आणि पर्वरीचं झेवियर सेंटर हे इतिहास संशोधन केंद्र. रेल्वे शोधताना 'कामिन्यु द फॅर्रु' या पोर्तुगीज शब्दांनीही शोधा. पोर्तुगीज येत नसेल तर वाचून दाखवणारा एखादा लिसेवचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलाचा, जुना विद्यार्थी गाठा; चहा पाजला की येतात. फोटो काढण्याआधी तिथे परवानगी विचारा.

तळं बघायला थंडीत, सकाळी जा. करमळी स्टेशनवर उतरलात की तळं लागूनच आहे. रुळांवरून मात्र चालू नका. अडयांचे, म्हणजे रानबदकांचे, थवे पाण्यावर बसलेले असतात. गाडी धडधडत गेली तेव्हा मला वाटलं सगळे उडतील. दोन-चार मानांपलीकडे काही हललं नाही. मी वही विसरलो होतो, हे तिकिटाच्या पाठीवर लिहिलंय.