बोटीच्या पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक फ्युएल पंप कसा बसवायचा

बोट महिनाभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, कारण कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि मेकॅनिकल पंप इंजिन फिरेल तेवढंच ओढतो. त्यात पंपातला पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला तर काही पंपांमध्ये पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येत असेल तर समजून जा. इलेक्ट्रिक पंप सेल्फ दाबल्याबरोबर पूर्ण जोरात चालतो. हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या इनबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाबद्दल आहे बरं का, डिझेलचं गणित वेगळं.

आधी पंप. कार्ब्युरेटरला साधारण ४ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो, नक्की आकडा इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंजेक्शनवाला पंप ४०-५० पीएसआय फेकतो, तो लावलात तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह एवढा दाब धरणार नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहील. दुसरं म्हणजे पंप मरीन आणि इग्निशन प्रोटेक्टेड पाहिजे, म्हणजे त्याच्या आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही. गाडीचा पंप स्वस्त मिळतो, पण गाडीखाली गळलेलं पेट्रोल वाऱ्यावर जातं, बोटीत त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून बसते. इथे पैसे वाचवू नका.

आता जुना पंप काढा. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, टाकीचा कॉक बंद करा, हॅच उघडे ठेवा, लाइन सोडताना खाली फडकं धरा. बहुतेक इंजिनांवर पंप दोन बोल्टवर असतो. मागे पंप हलवणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, असेल तर तोही काढून घ्या, मग गॅस्केट लावून भोकावर ते बंद करणारी ब्लँकिंग प्लेट बसवा. जुन्या पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी असेल तर तिचं कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करायला विसरू नका.

इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात हुशार, ओढण्यात कच्चा, म्हणून तो जमेल तेवढा खाली बसवा. अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमात पंप इंजिनवर किंवा इंजिनापासून १२ इंचांच्या आत हवा असं आहे, आणि ते कुठेही पाळण्यासारखं आहे, दाबाखालची लाइन छोटी राहते. पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा. होज मरीन फ्युएलचाच घ्या.

खरं काम वायरिंगचं आहे. चावी ऑन पण इंजिन बंद, अशा वेळी पंप चालता कामा नये, नाहीतर लाइन फुटली तर तो बिल्जमध्ये पेट्रोल ओतत राहील. यासाठी तीन टर्मिनलचा ऑइल प्रेशर स्विच मिळतो. ऑइल गेजचा सेंडर (इंजिनवरचा, गेजला दाब कळवणारा भाग) काढू नका, टी (तीन तोंडांचा जोड) लावून स्विच शेजारी बसवा, आणि सेंडरच्या आट्यांवर टेप गुंडाळत बसू नका, त्याला अर्थिंग तिथूनच मिळतं. स्विचच्या एका टर्मिनलला सेल्फची वायर, दुसऱ्याला इग्निशनची, तिसऱ्यातून पंपाकडे. सेल्फ फिरत असताना करंट सेल्फच्या वायरमधून येतो, ऑइलचा दाब चढला की आतला कॉन्टॅक्ट इग्निशनकडे पलटतो. दोन्ही वायर नुसत्या एकत्र जोडून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, इग्निशनचा करंट उलटा सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फ जोडणाऱ्या स्विचमध्ये) जाईल आणि इंजिन सुरू झालं तरी सेल्फ सुटणार नाही.

पंपाचा करंट थेट या स्विचमधून नेला की कॉन्टॅक्ट जळतात, म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घाला. त्याच्या टर्मिनलच्या नंबरांप्रमाणे: ८६ ला स्विचची पंपवाली वायर, ८५ अर्थिंगला, ३० ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ पंपाला. रिलेही इग्निशन प्रोटेक्टेड घ्या नाहीतर इंजिनच्या खोलीबाहेर लावा. इग्निशनची वायर कॉइलच्या प्लसवरून घेऊ नका, पॉइंटवाल्या बऱ्याच इंजिनांत मध्ये रेझिस्टर असतो आणि तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. वायर टिन केलेली तांब्याची, जोड क्रिंप करून वर हीट श्रिंक.

सुरू करायच्या आधी इंजिनच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चार मिनिटं चालवा. चावी नुसती ऑन करा, पंप गप्प पाहिजे. इंजिन सुरू झालं की प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवून बघा, भिजला तर लगेच बंद. मग ऑइल स्विचची पंपाकडे जाणारी वायर काढा, वाटीतलं पेट्रोल संपलं की इंजिन मरायला हवं, नाही मेलं तर वायरिंग चुकलंय. शेवटी कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या लाइनला टी लावून त्यावर गेज लावा आणि पाण्यात फुल थ्रॉटलला पेट्रोलचा दाब बघा. तो घसरत असेल तर पंपाला शिव्या घालण्याआधी फिल्टर आणि टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह तपासा. हा व्हॉल्व्ह तुंबला असेल तर बदला, पण काढून टाकू नका, लाइन तुटल्यावर टाकी आपोआप बिल्जमध्ये रिकामी होऊ न देणारा तोच असतो.