हार्टवर रिसर्च करायचाय? फेलोशिपचा अर्ज असा करा

डेडलाइन नंतर बघा, आधी एलिजिबिलिटी बघा, कारण बरेच जण महिनाभर प्रपोजल लिहितात आणि मग कळतं की आपण अटींत बसतच नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची, म्हणजे एनआयएचची एफ३१ फेलोशिप (पीएचडीवाल्यांना) आणि एफ३२ (पोस्टडॉकना, म्हणजे पीएचडीनंतर रिसर्च करणाऱ्यांना) फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांसाठी असते, पण के९९ ला (पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जाणाऱ्यांसाठीची ग्रँट) बाहेरचेही चालतात. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त राहिलेलं नसावं. डॉक्टर असाल आणि पीएचडी करायची असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची क्लिनिकल रिसर्च ट्रेनिंग फेलोशिप बघा.

आता खरी मेख. नाव ट्रेनिंग फेलोशिप आहे ना, मग तिथे तुमचा प्रोजेक्ट एकटा तपासत नाहीत, तुम्ही काय शिकणार तेही बघतात. "हार्ट फेल्युअरवर काम करणार" असं मोघम लिहू नका, उंदरांचा इको (हार्टची सोनोग्राफी) शिकायचाय की सिंगल सेल डेटा (एकेका पेशीची माहिती) की स्टॅटिस्टिक्स, कोणाकडून, किती महिन्यांत, असं स्पष्ट लिहा. मेंटॉर नुसता मोठ्या नावाचा असून भागत नाही, त्याला वेळ पाहिजे (हे मी तरी सगळ्यात वर ठेवेन), त्याचे आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत ते विचारा, लाजू नका.

शिफारसपत्रं दीड-दोन महिने आधी मागा आणि सोबत सीव्ही, एक पानी सारांश पाठवा. रिजेक्ट झालं तर रिव्ह्यूअरच्या कमेंट्स दोन दिवसांनी शांतपणे वाचा, बऱ्याच ठिकाणी परत अर्ज करता येतो.