बर्फाळ चंद्रांचं तापमान काढायचंय? आधी रेखांश तपासा

एमएससी फिजिक्सनंतर या विषयात शिरलो तेव्हा मला वाटायचं की यानावरचं यंत्र थर्मामीटरसारखा आकडा देत असेल. कसलं काय! शनीजवळ गेलेल्या कॅसिनी यानावरचं सीआयआरएस घ्या नाहीतर गुरूजवळ गेलेल्या गॅलिलिओ यानावरचं पीपीआर, ते फक्त पृष्ठभागावरून येणारं रेडिएशन मोजतं, तापमान आपणच प्लँकचा कर्व्ह (कुठल्या तापमानाला कुठल्या वेव्हलेंग्थचं किती रेडिएशन निघतं त्याचा आलेख) बसवून काढायचं.

त्यापुढचा शब्द थर्मल इनर्शिया, म्हणजे पृष्ठभाग तापायला आणि गार व्हायला किती आळस करतो ते. कोकणात सड्यावर रात्री आठला बसून बघा, कातळ अजून गरम असतो आणि पुळणीवरची कोरडी वाळू कधीच गार झालेली असते, बस्स तेच. अखंड बर्फाची इनर्शिया एसआय युनिटमध्ये २००० च्या आसपास, पण शनीच्या बऱ्याच चंद्रांवर ती २० च्याही खाली निघते, म्हणजे वर नुसता भुसभुशीत हिमाचा थर, कण एकमेकांना जेमतेम टेकलेले आणि मधे हवाही नाही, मग उष्णता आत जाणार कुठून. फक्त दिवसाच्या डेटावरून हे काढायला जाऊ नका, तेव्हा अल्बेडोचा (पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो त्याचा) परिणाम आणि इनर्शियाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत, रात्रीचाही डेटा पाहिजे.

आता माझी फजिती. २०१० मध्ये शनीच्या मायमस या चंद्राचा दिवसाच्या तापमानाचा नकाशा आला होता, एका भागात ९२ केल्विन आणि शेजारीच ७७. त्या गार भागाची इनर्शिया जास्त, कारण हाय एनर्जी इलेक्ट्रॉन मायमसच्या पुढच्या बाजूवर (शनीभोवती फिरताना जी पुढे असते तिच्यावर) आदळून तिथला बर्फ घट्ट करतात. मी तेच परत करून बघत होतो तर माझा गार पट्टा बरोब्बर मागच्या बाजूला! दोन आठवडे एमिसिव्हिटी (पृष्ठभागाची रेडिएशन सोडायची क्षमता) बदल, लेयर वाढव, रात्रीची झोप गेली. शेवटी सीनियरने विचारलं, "अरे, रेखांश पूर्वेचे घेतलेस की पश्चिमेचे?" या चंद्रांचे रेखांश बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडे मोजतात, पुढच्या बाजूचा मध्य ९० पश्चिम, आणि माझा कोड त्याला पूर्व समजत होता. म्हणून सांगतो, स्पाइस (यान आणि चंद्र कुठे, कसे होते ते काढायचं नासाचं सॉफ्टवेअर) आधी नीट शिका, पायथॉन काय येतंच.

दुसरा घोळ पिक्सेलचा. शनीच्याच एन्सेलाडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगा पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे एकाच पिक्सेलमध्ये १८० केल्विनची भेग आणि ७०-८० चा बर्फ दोन्ही येतात, एकच तापमान बसवलंत तर फसलात. छोट्या वेव्हलेंग्थला गरम भेगच दिसते आणि कोमट भाग निसटतो. २००६ साली तिथली उष्णता ५.८ गिगावॅट धरली होती, लांब वेव्हलेंग्थचा डेटा घेतल्यावर २०११ मध्ये तीच १५.८ झाली!

सगळा डेटा नासाच्या पीडीएस या ऑनलाइन संग्रहावर फुकट आहे. मी नवीन पोरांना गॅलिलिओने घेतलेला गुरूच्या युरोपा या चंद्राचा डेटा घ्यायला सांगतो, कारण ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोचेल आणि त्यावरचा ई-थेमिस कॅमेरा हेच काम बराच बारकाईने करणार आहे, तोवर हात बसलेला बरा.