ओस पडलेल्या बागेत माउंटन बाईकची ग्रुप राइड कशी जमवायची

नागपुरात ‘टेकडी’ म्हटलं की आधी हात जोडले जातात, कारण टेकडी म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचा गणपती. सायकल चालवायची टेकडी कुणाच्या डोक्यात येत नाही. मी माउंटन बाईक घेतली तेव्हा घरूनच पहिला प्रश्न आला, “अन् पहाड कुठून आणशील?” पहाड लागत नाही. शहराच्या पश्चिमेला सेमिनरी हिल्सपासून वाडीकडे जमीन हळूहळू चढत जाते. नाग नदी तिकडच्याच लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते. या पट्ट्यात, आणि शहराच्या इतर कडांनाही, अशा बागा आहेत की फाटकाजवळच्या दोनशे पावलांवर लोक फिरतात आणि मागची सगळी जागा बाभळी-सुबाभळींना सोडून दिलेली असते. एखादी जुनी पायवाट, कोरडा नाला, दहा-पंधरा फुटांचा चढ. दहा जणांच्या एका सकाळसाठी एवढं पुष्कळ झालं.

माझी पहिली राइड फसली होती. चौदा जण आले, अर्ध्या तासात नऊ ट्यूब बसल्या, आणि उरलेली सकाळ आम्ही एका पंपाभोवती काढली. राइडचं खरं काम आधीच्या दोन रविवारी करायचं असतं, हे तेव्हा कळलं. म्हणून इथेही त्या दोन रविवारांवरच जास्त लिहितो.

पहिला रविवार: सायकल घरी ठेवा

वाट आधी पायी फिरा, आणि राइडची जी वेळ ठरवणार त्याच वेळेला फिरा. सायकलवर बसलं की डोळे पुढच्या वळणावर असतात, चाकाखाली काय आहे ते दिसत नाही.

सगळ्यात आधी काटे. बाभळीचा लांब पांढरा काटा लगेच दिसतो, पण खरा शत्रू सराटा, म्हणजे गोखरूचं वाळलेलं फळ. पावसाळ्यात ही वेल जमिनीला चिकटून पसरते, दिवाळीनंतर वाळते आणि फळं वाटेवर विखुरतात. जुन्या रबरी चपलेने त्या वाटेवर शंभर पावलं चाला आणि तळवा उलटा करून बघा. पाच-सहा सराटे रुतलेले दिसले तर तो तुकडा राइडमधून काढून टाका, किंवा पुढच्या रविवारी खराटा घेऊन या. खराट्याने झाडणं ऐकायला वेडेपणा वाटतो. आम्ही दरवेळी तेच करतो.

मग जमीन. नागपूरच्या पश्चिम भागात खाली काळा बेसाल्ट आहे. तो झिजून वर कुठे मुरूम तयार झाला, कुठे काळी माती. मुरमावर टायर छान पकडतो, फक्त सुटी खडी असलेल्या वळणावर घसरतो. काळ्या मातीचे मात्र दोन अवतार. ओली असताना ती टायरला अशी लपेटते की चाक फिरेनासं होतं, आणि त्यात उमटलेले चर वाळून पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसेच राहतात, फिरायला येणाऱ्यांचे पाय मुरगळायला. वाळली की तिला भेगा पडतात. आडव्या भेगेवरून चाक सहज जातं, पण वाटेच्या दिशेने उभी भेग असेल तर पुढचं चाक तिच्यात अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. अशा भेगा मोजून ठेवा आणि तिथे माती-मुरूम भरता येतो का ते बघा. जून ते सप्टेंबर मातीच्या वाटेवर राइड ठेवूच नका.

मान वर करूनही चाला. उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल तर वाट तिथून लांब न्या, यात तडजोड नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे झाडांमध्ये अडकलेला मांजा शोधा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी बाभळीच्या दोन फांद्यांमध्ये गळ्याच्या उंचीला तो आजही सापडतो, आणि सायकलवरून दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत राइडच्या दिवशी सकाळीसुद्धा एकाने पुढे पायी जाऊन यावं.

शेवटी फाटक. ॲम्ब्युलन्स आत येईल एवढं ते उघडतं का, कुलपाची किल्ली कुणाकडे असते, मागच्या बाजूला मोबाईलला रेंज आहे का, आणि संडास-मुतारी उघडी असते का? हा शेवटचा प्रश्न पुरुष आयोजक विसरतात, आणि मग ‘बाया येतच नाहीत’ म्हणून कुरकुर करतात.

बाग कुणाची आहे?

नागपुरात बागेचा मालक शोधणं हाच एक छोटा ट्रेक आहे. काही बागा महानगरपालिकेच्या, काही नागपूर सुधार प्रन्यासच्या (१९३६ पासून ही संस्था शहरात ले-आउट आणि बागा आखत आली आहे), काही वनविभागाच्या. सेमिनरी हिल्सच्या बाजूचा बराच हिरवा भाग आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वनविभागाकडे आहे. तिथे तिकीट, वेळ आणि वाटा त्यांच्याच. सायकल कुठे चालते आणि कुठे नाही, ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. गोरेवाड्याच्या जंगलात तर मनाने सायकल घालायचीच नाही. बिबट्यांचा मुलूख आहे तो. २०२१ च्या उन्हाळ्यात तर एक बिबट्या थेट शहरात, आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात दिसला होता. तुमची बाग जंगलाला लागून असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

महापालिकेची बाग असेल तर दहापैकी तुमच्या झोनच्या कार्यालयात साधा अर्ज द्या: तारीख, वेळ, किती सायकली, स्पीकर नाही, मंडप नाही, शर्यत नाही. ‘शर्यत नाही’ हे ठळक लिहा, सायकल म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे शर्यतच येते. एका प्रतीवर पोच घ्या आणि ती राइडच्या दिवशी खिशात ठेवा. एकदा एका कार्यालयाने मला तीन टेबलं फिरवून शेवटी ‘परवानगीची गरजच नाही’ असं सांगितलं, आणि राइडच्या दिवशी फाटकावर ‘परवानगी कुठाय’ म्हणून अडवलं. त्या दिवशी पोचेनेच तारलं.

कागदाइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे चौकीदार. त्याला आठवडाभर आधी भेटा, “भाऊ, पुढच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण येऊन राहिलो” एवढं सांगा. कोणत्या वाटेवर साप निघतो, कुठली कुत्री अंगावर येतात, कोणत्या कोपऱ्यात काचा फुटलेल्या आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तसंच रोज फिरायला येणाऱ्या मंडळींना भेटा. आमच्या बागेतल्या एका काकांनी आधी खूप डोळे वटारले, आणि मग स्वतःच सांगितलं की त्यांचा ग्रुप पावणेआठला चहाला निघतो. आम्ही राइड पावणेआठला ठेवली. प्रश्न मिटला.

दुसरा रविवार: दोघे-तिघे, सायकलीसह

आता वर्तुळ आखा. मोठी लांबलचक वाट शोधू नका. दोन ते अडीच किलोमीटरचा एक फेरा पुरतो, तीन-चार वेळा मारायचा. फेऱ्याचा फायदा असा की दमलेला माणूस फाटकाजवळ थांबून पुढच्या फेरीत परत येतो, कुणी हरवत नाही, आणि पडलेल्यापर्यंत दोन मिनिटांत पोचता येतं. सगळ्यांची दिशा एकच. चढ रुंद वाटेवर घ्या. उतार असा निवडा की त्याच्या खाली किमान वीस-पंचवीस पावलं मोकळी, सरळ जागा असेल. उताराखाली लगेच झाड, बाक किंवा कुंपणाची तार असेल तर तो उतार सोडून द्या, कितीही मजेदार असला तरी.

खुणा मैदानावर मारतात त्या पांढऱ्या फक्कीने करा: वळणाला बाण, धोक्याला फुली. झाडाला खिळे नकोत, दगडाला ऑइलपेंट नको.

तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या गड्याला या चाचणीला सोबत घ्या. तो जिथे उतरून सायकल ढकलतो, तिथे राइडच्या दिवशी निम्मे जण उतरणार असं समजा. अशा जागा एका फेऱ्यात दोनपेक्षा जास्त नकोत.

निरोप

बारा जणांच्या वर बोलावू नका. व्हॉट्सॲपवर निरोप टाकताना गोड बोलण्यापेक्षा स्पष्ट बोलणं बरं. आमचा निरोप साधारण असा असतो:

“रविवारी सकाळी साडेसातला फाटकावर. पावणेआठला निघणार, वाट पाहणार नाही. हेल्मेट नसेल तर फक्त चहा मिळेल. प्रत्येकाने स्वतःच्या मापाची एक जादा ट्यूब आणि दीड लिटर पाणी आणावं. १४ वर्षांखालच्या मुलांसोबत आई-बाबांपैकी कुणीतरी सायकलवर हवं. शर्यत नाही, वर्गणी नाही. नऊ वाजता तर्री-पोहे, ज्याचे त्याने.”

ट्यूबचं माप टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं: २६, २७.५ किंवा २९ इंच. व्हॉल्व्हही बघायला सांगा, मोटारगाडीसारखा जाड की बारीक. नाहीतर ऐन वेळी पंप एक आणि व्हॉल्व्ह दुसरा.

ऋतूबद्दल थोडक्यात: दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सोनं. मार्चमध्ये पळस फुललेला असतो म्हणून एक राइड घ्यावी, पण पहाटे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी एकेकट्याने जावं. ग्रुपची जबाबदारी घेऊ नये.

राइडची सकाळ

निघण्याआधी दहा मिनिटं प्रत्येक सायकल बघा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा, हलायला नको. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाकांचे नट किंवा क्विक रिलीजचे खटके घट्ट आहेत ना? चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब पडू देऊ नका, ब्रेक लागणारच नाही. ‘माउंटन बाईक’ असं लिहिलेली प्रत्येक सायकल उताराच्या कामाची नसते. पुढचा शॉकअप खडखडत असेल तर त्या भावाला उतार पायी उतरायला सांगा, वाईट वाटलं तरी.

हवा भरताना मधला मार्ग धरा. साधारण ७० किलोच्या माणसाला, सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर ३० पीएसआयच्या आसपास हवा बरी. दगडासारखं टणक टायर खडीवर उड्या मारतं. फारच कमी हवा असेल तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की समजा, काट्याचा दोष नाही, हवेचा आहे.

सर्वांत पुढे वाट माहीत असलेला एक जण, सर्वांत मागे दुसरा. मागच्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणतो. पंप, पाना-ॲलन की आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. शेपटाच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा एकच नियम मी ओरडून सांगतो. शेपूट म्हणून तुमचा सगळ्यात तगडा आणि सगळ्यात शांत माणूस निवडा. पुढे जाण्यासाठी चुळबुळ करणारा तिथे कामाचा नाही.

पहिला फेरा सगळ्यांनी मिळून, हळू. प्रत्येक कठीण जागी थांबून दाखवा. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर जोर देताना नाही. उताराला सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल आडवे सारख्या पातळीत, बूड मागे, दोन्ही ब्रेक हळूहळू. दोन सायकलींत किमान चार-पाच सायकलींचं अंतर. चालणारा माणूस दिसला की घंटी लांबूनच वाजवायची आणि जवळ आल्यावर चालण्याच्या वेगाने जायचं. कुत्रं मागे लागलं तर खाली उतरून सायकल मध्ये धरायची. पळालात तर ते आणखी पळतं.

काहीतरी होणारच

पंक्चर झालं की नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून कापूस किंवा सुती रुमाल फिरवा. सराट्याचं टोक आत राहिलेलं असतं. ते बोटाला लागत नाही, पण कापसाचे धागे त्याला अडकतात. आमच्या त्या पहिल्या राइडला नऊपैकी तीन पंक्चर याच कारणाने दुसऱ्यांदा झाली होती.

खरचटलं तर साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करा. डोकं आपटलं असेल, हेल्मेटला तडा गेला असेल, तर तो माणूस “काही नाही झालं बे” म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसणार नाही. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय स्थिर ठेवून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं: मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या बाजूला असाल तर एम्स. ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८. फाटकाचं लोकेशन आधीच ग्रुपवर टाकलेलं असेल तर ते शोधण्यात वेळ जात नाही.

नऊच्या आत आवरा. फक्कीचे बाण पायाने पुसा, संत्र्याची सालं पिशवीत घ्या, चौकीदारभाऊंना पोह्यांना बोलवा. घरी गेल्यावर टायरमध्ये रुतलेला सराटा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो लगेच उपटू नका. पंप आणि पॅच हाताशी घेऊनच काढा, नाहीतर सोमवारी सकाळी टायर जमिनीला टेकलेलं सापडेल.