‘शब्द देही झाला’ : एका वचनाच्या आधाराने ख्रिस्ती धर्मविचार कसा अभ्यासावा

ख्रिस्ती धर्मविचाराचा अभ्यास सुरू करणारा मराठी वाचक बहुधा जाड इंग्रजी ग्रंथापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या प्रकरणात थांबतो. त्यापेक्षा एकच वचन घ्यावे, त्यातला एकेक शब्द मराठीत कुठे कुठे राहून आला आहे ते पाहावे आणि मगच धर्माध्यक्षांच्या परिषदा, पंथ आणि विचारवंत यांच्याकडे वळावे, हा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. या लेखापुरते योहानकृत शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्या एका पुस्तकातील, पहिल्या अध्यायाचे चौदावे वचन घेऊ. प्रचलित मराठी बायबलमध्ये ते ‘शब्द देही झाला’ असे सुरू होते आणि त्याने आमच्यामध्ये ‘वस्ती केली’ असे पुढे सांगते. इथे ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त.

प्रथम हे वचन वहीत हाताने लिहून काढावे आणि खाली ऐसपैस जागा सोडावी. शक्य झाल्यास त्याच पानावर आणखी दोन मराठी भाषांतरे उतरवून घ्यावीत. त्यांपैकी एक पंडिता रमाबाईंचे असावे. खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्यांचे निधन झाले त्या सुमारास त्यांचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्या हातून ते छापले गेले. दुसरे भाषांतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्यावे. भाषांतरे जिथे वेगळी होतात तिथे अनुवादक चुकला असे न समजता त्याला तिथे निर्णय घ्यावा लागला असे समजावे, कारण धर्मविचार बहुतेक वेळा याच निर्णयांत दडलेला असतो.

आता ‘देही’ या शब्दावर थांबावे, आणि इथे घाई करू नये. मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’ आहे. त्याचा सरळ अर्थ मांस, म्हणजे थकणारे, दुखणारे, अखेर मातीला मिळणारे शरीर. मराठी वाचकाच्या कानात मात्र ‘देही’ हा शब्द आधीच गीतेने भरलेला असतो. दुसऱ्या अध्यायातील ‘तथा शरीराणि विहाय जीर्णान्यन्यानि संयाति नवानि देही’ या ओळीत देही म्हणजे शरीर नव्हे, तर जुनी शरीरे टाकून नवी धारण करणारा, वस्त्रे बदलावीत तसे देह बदलणारा आत्मा होय. ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या माणसाने ‘शब्द देही झाला’ हे वाक्य त्याच अर्थाने घेतले, तर योहानाला जे म्हणायचे आहे त्याच्या जवळजवळ उलटे त्याच्या हाती लागते. शब्दाने देह पांघरला असे योहान म्हणत नाही. तो मांसाचा झाला असे म्हणतो. म्हणूनच याच शुभवर्तमानात येशू प्रवासाने दमून विहिरीपाशी बसतो, मित्र लाजरच्या कबरेजवळ रडतो आणि पुनरुत्थानानंतरही शिष्य थोमाला कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो. अभ्यासकाने ही तीन स्थळे वहीत ‘देही’ या शब्दाखाली नोंदवावीत. त्याच वेळी गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ‘देहवासना’ हा शब्दही शेजारी लिहावा, म्हणजे त्या पत्राचा लेखक पौल हाच ग्रीक शब्द वेगळ्या, अधिक काळोख्या अर्थाने वापरतो हे ध्यानात येईल.

यानंतर अपरिहार्यपणे ‘अवतार’ हा शब्द येतो. नाताळाच्या मराठी गीतांत आणि ख्रिस्ती कीर्तनांत प्रभू ‘अवतरला’ हे इतके सहज येते की त्यात काही तपासण्यासारखे आहे असे गाणाऱ्याला वाटतही नाही. तपासण्यासाठी पान उभे दुभागावे. एका बाजूला गीतेच्या चौथ्या अध्यायातील ‘संभवामि युगे युगे’ लिहावे आणि अवतार पुन्हा पुन्हा होतो, साधूंच्या रक्षणासाठी व दुष्टांच्या नाशासाठी होतो, हे नोंदवावे. दुसऱ्या बाजूला इब्री लोकांस पत्राच्या नवव्या व दहाव्या अध्यायांतील ‘एकदाच’ हा आग्रह लिहावा. मग बोलीकडेही कान द्यावा. कोकणातल्या दशावतारी खेळात अवतार हे रात्री चढवायचे आणि पहाटे उतरवायचे सोंग असते; आणि विस्कटलेल्या केसांनी घरात शिरणाऱ्या मुलाला आई ‘हा काय अवतार?’ असे विचारते तेव्हा तिलाही बाह्य रूपच अभिप्रेत असते. अवतार म्हणजे नुसते सोंग असे समजण्याचा हा धोका आजचा नाही. येशूचे शरीर केवळ भास होते असे मानणाऱ्यांशी पहिल्या दोन शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांना झगडावे लागले आणि योहानाच्या पहिल्या पत्रातील चौथा अध्याय त्याच वादाची साक्ष देतो.

तरीही ‘अवतार’ हा शब्द टाकून द्यावा असे माझे मत नाही. तो घेतला तर काय काय सांभाळावे लागेल, याचा विचार भारतीय ख्रिस्ती लेखकांनी फार बारकाईने केलेला आहे. भक्तिमार्गाच्या भाषेत ख्रिस्ताकडे पाहणारे तमिळ विचारवंत ए. जे. अप्पासामी यांनी अवतार हा शब्द स्वीकारला, पण तो एकच आणि पूर्ण अवतार आहे अशी अट घालून. मद्रासचे व्ही. चक्कराई यांनी १९२६ साली मांडलेला विचार आणखी पुढे जातो. अवतार येतो आणि कार्य संपवून निघून जातो, पण हा अवतार संपलेला नाही. ख्रिस्ताचे मनुष्यपण आत्म्याच्या द्वारे आजही कार्य करीत आहे, असे ते म्हणतात. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी आपल्या संस्कृत स्तोत्रात ‘नरहरी’ हे संबोधन वापरले. त्यांना देव आणि मनुष्य एकत्र सुचवायचे होते, परंतु मराठी कानाला तिथे खांब फोडून बाहेर येणारा नरसिंहच आधी ऐकू येतो. शब्द उसना घेताना त्याचे सगळे गोत सोबत येते, ते असे. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू म्हणून आळवले. वारकरी अभंगाच्या घाटात ते इतके सहज बसते की त्यामागचा धर्मविचार वाचकाच्या नजरेतून निसटतो. तो निसटू देऊ नये.

परिषदांकडे आता वळावे, आधी नव्हे. ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेने पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याशी, म्हणजे देवाशी, एकतत्त्व आहे असे ठरवले. ४५१ साली खाल्सेदोन येथील परिषदेत ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी हे दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि विलग होत नाहीत अशी चार नकारांची चौकट आखली गेली. ‘देही’ आणि ‘अवतार’ यांच्याशी झटापट केलेल्या वाचकाला हे नकार रुक्ष वाटत नाहीत, कारण प्रत्येक नकार कोणत्या घसरणीवर लावलेला बांध आहे हे त्याला दिसू लागते. ही चौकट सर्वांनी मान्य केली असेही नाही. केरळमधील मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळी ज्या परंपरेत आहे, त्या परंपरेने खाल्सेदोनचा निर्णय स्वीकारला नाही. त्यामुळे हा वाद केवळ युरोपचा नव्हे, तो भारतातही वस्तीला आहे.

‘वस्ती’ हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकून राहणे या अर्थाचे आहे आणि वाळवंटातून इस्राएल लोकांबरोबर फिरणाऱ्या निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, आठवण त्यात आहे. मराठी ‘वस्ती’ ही आठवण अनपेक्षितपणे छान पेलते. रात्री गावात मुक्कामाला राहून पहाटे निघणाऱ्या एसटीला आपण वस्तीची गाडी म्हणतो. तंबूतला तात्पुरतेपणा आणि सोबत दोन्ही त्यात आहेत. परंतु वस्ती म्हणजे गावकुसाबाहेरची घरेही. अहमदनगर आणि जालना भागांतील पुष्कळशी ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली, आणि त्यांच्या पूर्वजांना वस्ती या शब्दाचा हा अर्थ कोशात शोधावा लागत नव्हता.

इथे अभ्यासकाने वहीत नवा प्रश्न लिहावा : शब्द देही झाला तो कोणाच्या देहाचा? अवतार या शब्दावरील बरीचशी चर्चा संस्कृत जाणणाऱ्या उच्चवर्णीय ख्रिस्ती लेखकांनी आणि त्यांच्या वाचकांसाठी केली, ही तिची मर्यादा आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी आकार घेऊ लागली आणि येशू स्वतः दलित होता असे त्यांनी म्हटले. लॅटिन अमेरिकेत, पेरूची राजधानी लिमा येथील गुस्तावो गुतिएरेझ यांनी १९७१ साली गरिबांच्या बाजूने मुक्तीचा धर्मविचार मांडला होता. दोहोंचे नाते आहे. पण गरिबी आणि अस्पृश्यता एक नव्हेत. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याच्यासाठी देवाने स्पर्श होण्याजोगे मांस घेणे याला जो अर्थ आहे, तो लिमामधून जसाच्या तसा आणता येत नाही. निर्मळ वाचताना ‘सार्क्स’खाली नोंदवलेली ती तीन स्थळे पुन्हा उघडावीत, विशेषतः विहिरीचे. दमलेला यहुदी पुरुष, म्हणजे येशू, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईकडे तिच्या भांड्यातले पाणी मागतो आणि त्या मागण्याने तीच आधी चकित होते.

एवढे झाल्यावर वहीतील वचन स्वतःच्या मराठीत पुन्हा लिहावे. ‘देही’ ठेवावा की ‘मांस’ लिहावे, ‘अवतरला’ चालेल का, ‘वस्ती’ कोणत्या अर्थाने, हे प्रत्येक ठिकाणी ठरवून समासात एका ओळीत कारण द्यावे. मग ते वचन मोठ्याने वाचून दाखवावे, शक्यतो अशा माणसाला की ज्याने बायबल उघडलेले नाही, आणि तो ज्या शब्दावर अडेल त्या शब्दाखाली रेघ मारावी. पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथून सुरू करावा.