प्लग-इन हायब्रिड (चार्जिंग आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी) गाडी संस्थेला द्यायची असेल तर

गाडी आश्रमाला दिली की टॅक्समध्ये सूट मिळते असं आपल्या बेळगावात बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही वो, देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट (१९६१ च्या कायद्यातलं ८०जी कलम) फक्त पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही, आणि २००० च्या वर कॅश दिली तरी नाही. सूट पाहिजेच असेल तर गाडी विका आणि चेक द्या, तीपण जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते.

गाडीच द्यायची तर आधी संस्थेला विचारा, चार्जिंगला जागा हाय काय? नुसती पेट्रोलवर पळवली तर बॅटरीचं ओझं वाहत फिरणार बिचारी. लोन होतं तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) नि लोन फिटल्याचा फॉर्म ३५, मग मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत. संस्था चंदगड, गडहिंग्लजकडची असेल तर बेळगावच्या केए-२२ नंबरची गाडी महाराष्ट्रात जाणार, म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी पण आली, आणि तिकडचा रोड टॅक्स कोण भरणार ते आधीच बोलून घ्या, मागनं तोंडं वाकडी नकोत.

आरसीवर नाव बदलेपर्यंत चावी देऊ नका, अपघात झाला तर कागदावर मालक तुम्हीच. फास्टॅग बंद करा. आणि चार्जिंगची केबल द्यायला विसरू नका, आमच्या काकांची माळ्यावरच राहिली, ती द्यायला परत निपाणीला जावं लागलं.