‘डोस राहून गेला’ म्हणजे कोणाकडून? वॉर्डात बोलण्याची आणि जबाबदारी घेण्याची रीत

सकाळच्या ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतात तेव्हा, नवीन स्टाफ काय बोलतो, ते मी कान देऊन ऐकते. ‘दोनचा डोस राहून गेला.’ ‘सलाईन बाहेर गेलं होतं.’ ‘सरांना सांगायचं राहिलं.’ मराठीत ही सोय फार आहे. कर्ता गाळला तरी वाक्य शुद्ध राहतं आणि ऐकणाऱ्याला खटकतही नाही. घरात दार उघडं राहिलं, पाणी सांडलं, तिथे ते चालून जातं. वॉर्डात मात्र कर्त्याबरोबर आणखी एक गोष्ट गळते: आता ते काम करायचं कोणी? ‘डोस राहून गेला’ ऐकून समोरची सिस्टर मान हलवते, पुढच्या बेडकडे वळते आणि डोस तसाच राहतो.

मी बारा वर्षं सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून काढली आणि आता क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवते. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना मी एकच काम देते. दिवसभरात स्वतः बोललेली अशी बिनकर्त्याची पाच वाक्यं वहीत लिहायची आणि समोर तीच वाक्यं ‘मी’पासून सुरू करून पुन्हा लिहायची. ‘दोनचा डोस मी दिला नाही, पेशंट एक्स-रेला गेले होते, परत आल्यावर मी बघितलं नाही. डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. ओव्हर संपताच मी फोन करते.’ हे लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो. तसा अडखळला की समजावं, वाक्य बरोबर जागी आलं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. आतड्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झालेला एक पेशंट होता. रात्री दोन वाजता त्यांचा श्वास मोजला, मिनिटाला २६ भरला. मी टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्टवर तो नीट लिहिला आणि डॉक्टरांना फोन केला: ‘सर, बेड सातचे पेशंट जरा अस्वस्थ वाटतायत.’ ते म्हणाले, ‘ठीक आहे, लक्ष ठेवा.’ मी लक्ष ठेवलं, म्हणजे दोनदा जाऊन बघून आले. पाच वाजता बीपी खाली आलं, त्यांना आयसीयूत हलवलं, पुन्हा ऑपरेशन झालं. ते वाचले. सकाळी इन्चार्ज सिस्टरांना मी म्हटलं, ‘सरांना सांगितलं होतं, सिस्टर.’ त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘काय सांगितलंस? जसेच्या तसे शब्द सांग.’ मी शब्द सांगितले. ‘जरा’, ‘अस्वस्थ’, ‘वाटतायत’. सांगता सांगताच कळलं की २६ हा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडलाच नव्हता. चार्टवर तो होता, डॉक्टर मात्र त्यांच्या खोलीत होते.

म्हणून पहिली गोष्ट फोनची. फोन उचलण्याआधी पेशंटपाशी जा, स्वतः मोजा, केस पेपर हातात घ्या. मग चार पायऱ्यांनी बोला: आत्ता काय घडतंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला एसबार (SBAR) म्हणतात. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली आणि कायझर पर्मनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांत रुजवली. त्या रात्री मी असं बोलायला हवं होतं:

‘सर, सर्जिकल वॉर्डातून नाईट स्टाफ बोलतेय. बेड सातचे पेशंट, वय ५८, श्वास २६ झालाय, रात्री दहाला १८ होता. पल्स ११८, बीपी १०० बाय ६०, सॅच्युरेशन ९२, ताप ३८.४. आतडं जोडल्याला आज तिसरा दिवस. पोट कडक लागतंय. शुद्धीवर आहेत. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं. येईपर्यंत मी काय सुरू करू?’

(सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणं.) हे बोलायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. यातली तिसरी आणि चौथी पायरी नवीन मुलींना सर्वांत जड जाते. ‘मला शंका येतेय’ म्हणणं म्हणजे निदान करणं, ते आपलं काम नाही, असं त्यांना वाटतं. निदान डॉक्टरच करतील. पण रात्री दोन वाजता त्या पेशंटला डोळ्यांनी बघणारी एकटी तूच आहेस, आणि जे दिसतंय त्याचा तुला लागलेला अर्थ सांगणं तुझ्या कामात येतं. नेमकं काय हवंय ते मागितलं नाही, तर ‘लक्ष ठेवा’ हेच उत्तर मिळणार.

पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणारा न्यूज-२ (NEWS2) तक्ता असेल तर बोलणं आणखी सोपं होतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१७ मध्ये सुधारून दिला. श्वास, सॅच्युरेशन, बीपी, पल्स, शुद्ध आणि तापमान यांना गुण द्यायचे, ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे दोन वेगळे, आणि बेरीज करायची. वरच्या आकड्यांची बेरीज १० होते. पाचला तातडीने डॉक्टरांना कळवायचं असतं आणि सातला ती आणीबाणी धरतात. नवीन नर्सच्या ‘मला वाटतं’ला त्यामुळे आकड्याचा आधार मिळतो. मात्र बेरीज कमी आली आणि पेशंट तुम्हाला बरा दिसत नसेल, तर तेही बोला. आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. अंदाजाने ‘२०’ लिहायची सवय मी फार ठिकाणी पाहिली आहे. बिघाडाची चाहूल पुष्कळदा श्वासावरच आधी लागते आणि नेमकं तेच आपण मोजत नाही.

फोनवरून औषध सांगितलं तर लिहून घ्या, लिहिलेलं वाचून दाखवा आणि समोरच्याचं ‘हो, बरोबर’ ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम’ असं म्हणा. लिहिताना इन्शुलिनपुढे ‘यू’ काढू नका, तो शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहा. १.० नको, १ लिहा. .५ नको, ०.५ लिहा. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, तिच्यात हे तिन्ही आहेत. वाचून दाखवलं की डॉक्टर वैतागतात, अशी तक्रार येते. वैतागू देत.

आता वरिष्ठांसमोर बोलण्याविषयी, कारण सगळं शिकूनही पाय इथेच मागे येतो. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणात यासाठी तीन चढत्या पायऱ्या आहेत. मी त्या मराठीत अशा शिकवते: ‘मला काळजी वाटतेय.’ ‘मला हे बरोबर वाटत नाही.’ ‘थांबा, हे पेशंटच्या सुरक्षेचं आहे.’ पहिल्यांदा ऐकलं गेलं नाही तर तीच गोष्ट निदान दुसऱ्यांदा सांगायचीच, आणि तरीही नाही ऐकलं तर इन्चार्जकडे किंवा वरच्या डॉक्टरांकडे जायचं. यात उद्धटपणा नाही. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणूनच बोला, आवाज खालीच ठेवा, पण वाक्य अर्धवट सोडू नका. ‘सर, ते जरा...’ म्हणून थांबलात तर पुढचं वाक्य समोरचा आपल्या सोयीने पूर्ण करतो. माझ्या एका विद्यार्थिनीने ड्रेसिंगच्या वेळी हळूच म्हटलं, ‘मॅडम, मला काळजी वाटतेय, यांच्या मनगटावरच्या पट्टीवर आयोडीनची ॲलर्जी लिहिलीय.’ मॅडमचे हात तिथेच थांबले. ती पहिल्या वर्षाला होती.

ओव्हर पेशंटच्या उशाशी द्या. नर्सिंग स्टेशनवर बसून वहीतून वाचलेल्या ओव्हरमध्ये सलाईनचा दर वहीतला असतो, बाटलीचा नसतो. दोघींनी मिळून कॅन्युलाची (शिरेतल्या नळीची) जागा, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), युरिन बॅग आणि ॲलर्जीची पट्टी डोळ्यांनी बघायची. ओव्हर घेणाऱ्या सिस्टरचं नाव पेशंटला सांगायचं. त्यांच्या आजाराबद्दल खाजगी काही असेल तर तेवढं बाजूला होऊन बोलायचं. माझा एक हट्ट आहे: राहिलेली कामं आधी सांगा, झालेली नंतर. थकलेली सिस्टर झालेल्या कामांचा पाढा आधी म्हणते आणि उरलेलं शेवटी, पर्स खांद्याला लावता लावता सांगते. आणि घेणारीने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत म्हणावं. तेवढं झालं की पेशंट तिचा.

नोंदींबद्दल थोडक्यात. औषध देण्याआधी सही नको. ‘पेशंटला बरं वाटत नाही’ऐवजी ‘३:१० वा. उलटी, अंदाजे १०० मिली, हिरवट’ असं लिहा. चुकलं तर एकच रेघ मारा, सही, तारीख आणि वेळ टाका. खालचं वाचता यायला हवं. राहिलेली नोंद मागच्या जागेत घुसवू नका, ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून आत्ताची वेळ घालून लिहा.

आणि चूक झाली तर? क्रम पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. आधी पेशंट: त्यांच्यापाशी जा, बीपी, पल्स, श्वास, शुद्ध बघा, चुकीचं औषध चालू असेल तर थांबवा. मग डॉक्टर. मग इन्चार्ज. ‘बेड चारचं इंजेक्शन मी बेड पाचला दिलं, ११:२० ला, अमुक औषध, अमुक डोस. पेशंट आत्ता असे आहेत.’ कारण, घाई, स्टाफची कमतरता, हे सगळं त्यानंतर. पेशंटला आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा, आणि सांगायला जाल तेव्हा स्वतः हजर राहा. ‘चुकून दिलं गेलं’ म्हणू नका. ‘माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा, आता आम्ही हे करतोय’ असं म्हणा. लोक चिडतात, रडतात, तिथे उभं राहणं फार अवघड असतं. पण लपवलेली चूक नंतर कळली की त्यांचा पूर्ण वॉर्डावरचा विश्वास उडतो, आणि तो पुन्हा बसत नाही.

मग इन्सिडेंट रिपोर्ट लिहा. त्यात व्यवस्थेचं जे चुकलं तेही लिहा, निःसंकोच. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० मध्ये अपघातांचा जो विचार मांडला, तो चीजच्या चकत्यांच्या चित्राने ओळखला जातो. एकामागे एक ठेवलेल्या चकत्यांची छिद्रं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. सारख्या दिसणाऱ्या दोन व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) शेजारी ठेवलेल्या होत्या, हे एक छिद्र. मी मनगटावरची पट्टी वाचली नाही, हे दुसरं, आणि ते माझं. दोन्ही लिहिलं तरच पुढच्या पाळीतली मुलगी त्याच चुकीतून वाचेल. नुसत्या व्यवस्थेकडे बोट दाखवलं तर माझी सवय बदलत नाही, आणि नुसतं ‘माझंच चुकलं’ म्हणून रडले तर व्हायल तिथेच राहतात.

विद्यार्थ्यांची जबाबदारी ‘मला हे येत नाही’ या वाक्यापासून सुरू होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, ती २०२१ मध्ये सुधारली गेली. आपल्या कामाची आणि आपलं कौशल्य टिकवण्याची जबाबदारी ती त्या त्या परिचारिकेवरच ठेवते. कॅथेटर (लघवीची नळी) एकदाच घातलाय, तोही मॉडेलवर, तर तसं सांगा. ‘मी दोनदा पाहिलंय, केलेलं नाही, तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?’ या वाक्याने माझ्या मनातली कोणाचीही किंमत कधी उतरली नाही.

शिकवणाऱ्यांनाही एक सांगते. विद्यार्थिनी चूक सांगायला येते तेव्हा आपलं पहिलं वाक्यच ठरवतं की दुसऱ्यांदा ती येणार की नाही. ‘काय केलंस हे?’ ऐवजी ‘पेशंट कसे आहेत?’ विचारा. मग ‘आत्तापर्यंत तू काय काय केलंस?’ ‘का’ संध्याकाळी, खोलीचं दार लावून. पेशंटसमोर किंवा बॅचसमोर झापू नका, आणि स्वतःहून सांगितल्याबद्दल गुण कापू नका. मी सुरुवातीला कापायचे. त्या वर्षी माझ्या बॅचमधून एकही चूक माझ्यापर्यंत आली नाही. मी ते चांगल्या शिकवण्याचं लक्षण समजत होते, आणि आज त्याचं वाईट वाटतं.

चूक केलेल्या मुलीची दुसऱ्या दिवशीची ड्यूटी बदलू नका, तिला औषधांपासून लांबही ठेवू नका. तिच्या हाताला कंप असतो. पहिल्या फेरीला मी तिच्याबरोबर ट्रॉलीपाशी उभी राहते. पट्टी ती वाचते, नाव ती विचारते, डोस ती काढते आणि मोठ्याने म्हणते. मी ऐकते.